लॅबमधली रिकामी मशिनं: कामं वाटायला एक मुकादम पुरे, की प्रत्येक मशीनला अक्कल द्यावी?

लॅबवाला · रविवार, रात्री ९.४०

मी सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. दोन लॅब मिळून आमच्याकडे साठेक मशिनं आहेत. चार कोअरची (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), बहुतेकांत आठ जीबी रॅम, काहींत सोळा, मोजक्यांत ग्राफिक्स कार्ड. संध्याकाळी प्रॅक्टिकल संपली की सगळी नुसती पडून. आणि नेमके त्याच वेळी सिव्हिलचे सहकारी आणि एम.टेक.ची पोरं आपापल्या लॅपटॉपवर सिम्युलेशन लावून झोपतात. सकाळी उठून बघावं तर लॅपटॉपही झोपलेला.

ही मशिनं एकत्र बांधून रात्री कामाला लावायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. भांडण पुढचं आहे. शेवटच्या वर्षाच्या एका गटाला प्रत्येक मशीनवर एक सॉफ्टवेअर एजंट बसवायचा आहे. एजंटानं आपल्या मशीनची अवस्था बघायची, आलेल्या कामावर बोली लावायची, जिंकला तर काम घ्यायचं. मध्ये कुणी साहेब नाही. विभागप्रमुख म्हणतात, "एक सर्व्हर, एक रांग. पहिलं काम पहिल्या रिकाम्या मशीनला. यात एजंट कशाला?"

अडचणी अशा. दिवसा कुणी विद्यार्थी कीबोर्डला हात लावेल तर बाहेरचं काम तत्काळ बाजूला झालं पाहिजे. वीज गेली की यूपीएस थोडा वेळच तग धरतो, आणि दोन लॅबचे यूपीएस वेगळे आहेत. तिसरी अडचण सोलापूरकरांना सांगायला नको: एप्रिल-मेमध्ये रात्री एसी बंद असताना साठ मशिनं पूर्ण ताकदीनं चालवली तर लॅबची भट्टी होईल.

पैसे नाहीत, हे वेगळं सांगत नाही.

गड्डा_रिटर्न्स · रविवार, रात्री १०.०५

सर, राग मानू नका, पण पोरांना एजंट पाहिजे कारण प्रोजेक्टच्या शीर्षकात तो शब्द बरा दिसतो. बाह्य परीक्षक खूष. रांग लावा आणि मोकळे व्हा.

हुतात्मा_एक्सप्रेस · रविवार, रात्री ११.२०

गड्ड्या, एवढं सोपं असतं तर माझी पुण्यातली नोकरी कधीच गेली असती बे.

लॅबवाला सर, तुमची पोरं जे सांगतायत त्याला कॉन्ट्रॅक्ट नेट म्हणतात आणि ते चांगलं मुरलेलं आहे. रीड स्मिथ यांनी १९८० साली मांडलं. ज्याच्याकडे काम आहे तो नोड, म्हणजे जाळ्यातलं एक मशीन, घोषणा करतो, बाकीचे आपापली कुवत पाहून बोली पाठवतात, घोषणा करणारा त्यातली एक निवडून ठेका देतो. ठेका मिळालेला नोड त्याच कामाचे तुकडे करून पुढे पोटठेकेही देऊ शकतो. सगळीकडे विखुरलेल्या सेन्सरांकडून आलेल्या माहितीवरून वाहनांचा माग काढायचा, असं उदाहरण त्यांनी घेतलं होतं. तिथे ते शोभतंही, कारण कुठल्या सेन्सरला काय ऐकू आलं हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं.

ही पद्धत कागदावर फार देखणी दिसते. खोच बोलीच्या मुदतीत आहे. समजा मशीन क्रमांक सतरा रिकामं आहे. एकाच मिनिटात पाच कामांच्या घोषणा आल्या. त्यानं किती बोल्या लावायच्या? एकच लावली आणि तो ठेका दुसऱ्याला गेला, तर तोवर बाकीची चार कामंही वाटली गेली, हे रिकामंच राहिलं. पाचही लावल्या आणि तीन जिंकल्या, तर दोघांना तोंडघशी पाडावं लागेल. म्हणजे मग बोलीनंतर 'नक्की का?' हा आणखी एक फेरा घालायचा, त्याला वेळमर्यादा लावायची, मर्यादा संपता संपता उत्तर आलं तर काय करायचं ते ठरवायचं. प्रोजेक्टच्या अहवालात चार बाण असलेली आकृती असते. प्रोग्रामचा निम्मा भाग मात्र या 'जिंकलो पण आता जमत नाही' प्रकरणातच जातो.

निरोपांचं म्हणाल तर साठ मशिनांच्या स्थानिक नेटवर्कला ते काहीच नाहीत. हजारो मशिनं असती तर प्रत्येक कामामागे हजारो बोल्या हा प्रश्न झाला असता. तुमच्याकडे तो नाही.

कांदाबाजार · सोमवार, सकाळी ७.५०

लिलाव म्हटल्यावर आम्ही आलोच. मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव बघत मोठा झालोय, नंतर अर्थशास्त्र शिकलो, त्यामुळे या विषयात नाक खुपसायचा हक्क आहे असं समजतो.

हुतात्माभाऊंनी बोली सांगितली, पण त्या बोलीत भाव कुठे आहे? नुसतं 'मी रिकामा आहे' म्हणणं म्हणजे बोली नव्हे. खरी गंमत संगणकाच्या वेळेला किंमत लावली की सुरू होते. इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली लिहिलंय: हार्वर्डला पीडीपी-१ हे एकच मशीन, वापरणारे अनेक. त्यांनी प्रत्येकाला 'येन' नावाचं खोटं चलन दिलं आणि मशीनच्या वेळेचा लिलाव केला. महत्त्वाच्या प्रकल्पाला जास्त येन. दर महिन्याला ठरावीक तास देण्याच्या पद्धतीत वापर ठरावीक काळानं चढतो-उतरतो, ती लाट या पद्धतीत नाहीशी झाली.

आणि तुमच्या लॅबची हुबेहूब आवृत्ती झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात होऊन गेली आहे. 'स्पॉन' तिचं नाव, १९९२ सालचा शोधनिबंध. नेटवर्कवरची रिकामी वर्कस्टेशनं आपला वेळ विकायची, कामं तो विकत घ्यायची. बोली बंद लिफाफ्यातली. सर्वांत मोठी बोली जिंकणार, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके भरणार. यार्डातला लिलाव उघड असतो, समोरचा किती चढतोय ते ऐकून आपण एक रुपया वर जातो. लिफाफ्यात ते ऐकू येत नाही, पण दुसऱ्या क्रमांकाचा भाव भरायचा असल्यामुळे परिणाम जवळपास तोच. आपली खरी किंमत लिहिण्यातच शहाणपण असतं. विल्यम विक्री यांनी हे १९६१ मध्ये सिद्ध केलं आणि १९९६ ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून माझं मत, एजंट हवेतच, आणि त्यांच्या खिशात पैसेही हवेत.

विषमभुज · सोमवार, दुपारी १.१५

कांदाबाजार, विक्रींचा निष्कर्ष एका वस्तूच्या लिलावासाठी बिनचूक आहे. पण एखाद्या कामाला एकाच वेळी चार मशिनं हवी असतील तर? तीन जिंकली, चौथं हुकलं, म्हणजे तिन्हींचे पैसे वाया. असे गठ्ठ्यांचे लिलाव करता येतात, पण विजेते कोण हे काढणंच गणिताच्या दृष्टीनं महाकठीण होऊन बसतं. शिवाय यार्डात खरेदीदाराच्या खिशातून खरे पैसे जातात. एम.टेक.च्या पोराला तुम्ही शंभर टोकन दिलीत, ती त्यानं साठवली आणि मेमध्ये प्रबंध द्यायच्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम बाहेर काढली, की भाव गगनाला भिडणार आणि काम तेवढंच होणार. टोकनांना मुदत लावली तर दर मुदतीआधी उगाच खर्च करायची घाई. म्हणजे रिझर्व्ह बँकही तुम्हीच चालवायची.

मोठ्यांनाही हे जड गेलंय. ॲमेझॉननं डिसेंबर २००९ मध्ये आपली उरलेली संगणनक्षमता बोलीवर विकायला काढली. बोली बाजारभावाच्या वर असेपर्यंत मशीन तुमचं, भाव वर गेला की काढून घेणार. इस्रायलमधल्या टेक्नियॉन या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ साली त्या भावांचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की ते चढउतार मागणी-पुरवठ्यापेक्षा कंपनीनं आतून ठरवलेल्या किमान भावामुळे झालेले दिसतात. २०१७ च्या अखेरीला ॲमेझॉननं बोलीची गरजच काढून टाकली. भाव आता सावकाश हलतो, आणि मशीन काढून घ्यायच्या आधी दोन मिनिटांची सूचना मिळते. ग्राहकांना ती दोन मिनिटंच जास्त मोलाची वाटली असावीत, असा माझा अंदाज.

स्पॉन लिहिणाऱ्यांपैकी वाल्डस्पर्गर यांनी पुढे १९९४ मध्ये लिलावाच्या जागी सोडत आणली. प्रत्येकाला तिकिटं, दर वेळी एक तिकीट काढायचं, ज्याचं निघेल त्याची पाळी. दुप्पट तिकिटं असतील तर दीर्घ काळात दुप्पट वाटा. ना भाव, ना बोली. मला विचाराल तर लॅबसाठी हे जास्त शहाणपणाचं.

कांदाबाजार · सोमवार, दुपारी १.४०

सोडत म्हणजे म्हाडा! तिकीट घ्या आणि वाट बघत बसा.

विषमभुज · सोमवार, दुपारी १.५२

म्हाडाची सोडत कधीतरीच निघते. ही सेकंदाला कितीतरी वेळा. नशीब समान व्हायला एवढ्या वेळा पुरतात.

लॅबवाला · सोमवार, रात्री १०.३०

चर्चा माझ्या अपेक्षेच्या पुढे गेली. सगळ्यांचे आभार. आज पोरांनी एक छोटी चाचणी करून दाखवली, त्यातून नवाच प्रश्न उभा राहिला.

बोली वगैरे बाजूला ठेवून त्यांनी सोपं काहीतरी केलं. प्रत्येक मशीन अर्ध्या मिनिटाला आपला भार एका सामायिक फायलीत लिहितं. काम आलं की ते फाइल बघतं आणि सर्वांत मोकळं मशीन गाठतं. झालं असं की त्या अर्ध्या मिनिटात आलेली सगळी कामं एकाच मशीनवर जाऊन आदळली. पुढच्या नोंदीत ते मशीन लाल, म्हणून सगळी दुसऱ्यावर. मॉनिटरवर आलेख बघितला तर एका वेळी एकच मशीन घामाघूम आणि बाकीची गप्पा मारतायत. पोरांचं म्हणणं, अर्ध्या मिनिटाऐवजी दर सेकंदाला लिहू. हा उपाय आहे का?

विषमभुज · सोमवार, रात्री ११.१०

काही अंशी. माहिती ताजी केलीत तर लाट लहान होईल, पण कामं जास्त वेगानं यायला लागली की परत उसळेल. कारण रोग शिळ्या माहितीत जेवढा आहे तेवढाच 'सगळ्यांनी एकच सर्वोत्तम निवडायचं' या नियमात आहे.

याच रोगानं इंटरनेटच्या पूर्वजालाही पछाडलं होतं. अर्पानेटवर १९७९ पासून प्रत्येक दुव्यावरचा उशीर मोजून वाटा ठरायच्या. रहदारी कमी असताना झकास चालायचं. रहदारी वाढली की एक दुवा तुंबला म्हणून सगळे दुसऱ्यावर, मग तो तुंबला म्हणून सगळे परत पहिल्यावर. १९८७ मध्ये हिशोब बदलला. तुंबलेल्या दुव्याची किंमत किती वाढू द्यायची याला मर्यादा घातली, म्हणजे एका फेरीत थोडेच प्रवाह हलतील. झेरॉक्सचेच हॉग आणि ह्युबरमन यांनी १९८८ मध्ये स्वतंत्र एजंटांच्या समूहाचं गणित मांडलं, त्यातही हेच: माहितीला उशीर झाला की एजंट डोलायला लागतात, आणि उशीर पुरेसा वाढला की वागण्याला काही ताळतंत्रच राहत नाही.

उपाय इतका सोपा आहे की पोरांना आवडणार नाही. साठांतली कुठलीही दोन मशिनं चिठ्ठी टाकून निवडा, त्या दोघांत जे मोकळं असेल त्याला काम द्या. बस. दहा लाख कामं दहा लाख मशिनांवर नुसती चिठ्ठ्या टाकून वाटली तर सर्वांत दबलेल्या मशीनवर आठ-नऊ कामं जमतात. दोन निवडून त्यांतलं मोकळं घेतलं तर चारेक. तीन निवडले तर फायदा होतो, पण पहिल्या उडीएवढा नाही. अझर, ब्रोडर, कार्लिन आणि उप्फाल यांनी १९९४ मध्ये हे दाखवलं. मिट्झेनमाखर यांनी पुढे शिळ्या माहितीचाही हिशोब केला: माहिती जुनी असेल तर सगळ्यांत मोकळ्यामागे धावण्यापेक्षा दोघातिघांतून निवडणं बरं. एनजिनेक्ससारख्या वेब सर्व्हरमध्येही आज हा पर्याय मिळतो.

पन्नास_हर्ट्झ · मंगळवार, सकाळी ६.२०

मी संगणकातला नाही. आयुष्य वीज पारेषणात गेलं, आता निवृत्त. पण तुम्ही मंडळी जे बोलताय ते आमच्याकडे रोज घडतं, आणि त्यातला एक मोठा प्रसंग आपल्या सोलापुरातच घडला म्हणून लिहितो.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली. तोवर दक्षिणेचं ग्रिड उर्वरित भारतापासून वेगळ्या तालावर चालायचं. मध्ये फक्त एकदिश प्रवाहाचे जोड होते. त्या दिवसापासून कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच वारंवारता. सोलापुरात तुमच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये ५० हर्ट्झच्या खाली-वर जे काही होतं, तेच त्याच क्षणी गुवाहाटीतही होतं.

आता बघा. वीज साठवून ठेवता येत नाही म्हटलं तरी चालेल. कुठेतरी अचानक भार वाढला तर कुणीतरी तत्काळ जास्त निर्मिती केली पाहिजे. कोण करणार, हे कुणी ठरवत नाही. भार वाढला की सगळ्या टर्बाइनांची गती किंचित मंदावते. प्रत्येक टर्बाइनवरचा गव्हर्नर आपल्याच दांड्याची गती बघतो आणि वाफेची झडप थोडी उघडतो. एकही निरोप नाही, एकही बोली नाही. इथल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या ६६० मेगावॉटच्या संचांनाही हाच नियम. तुमचे एजंट ते हेच ना?

पण विषमभुज मॅडम म्हणतात ती लाट आमच्याकडे का उठत नाही? कारण गव्हर्नर वारंवारता पूर्ण ५० वर आणायचा प्रयत्नच करत नाही. ठरलेल्या उतारानं, आपल्या क्षमतेच्या प्रमाणात, थोडंसंच उघडतो. प्रत्येकानं 'मी एकटा ५० करून दाखवतो' असं ठरवलं तर संच एकमेकांशी भांडत बसतील. आमच्या भाषेत हंटिंग. तेव्हा पहिल्या काही सेकंदांत स्थानिक गव्हर्नर पडझड थोपवतात, आणि वारंवारता जागेवर आणायचं सावकाश काम वरच्या भारप्रेषण केंद्रांकडे. राज्याचं केंद्र, त्यावर विभागाचं, त्यावर राष्ट्रीय. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खंडांचं वेळापत्रक. झटपट आणि थोडं, ते खाली. सावकाश आणि पूर्ण, ते वर. लॅबवाला सर, तुमच्या विभागप्रमुखांचं आणि पोरांचं भांडण आम्ही असं वाटून घेतलंय.

कांदाबाजार यांच्यासाठी भावाचीही गोष्ट. १ जुलै २००२ पासून आपल्या पश्चिम विभागात नवी दररचना आली, देशात सर्वांत आधी इथेच. वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढली तर तिचा दर वारंवारतेवर ठरायचा. वारंवारता घसरली की दर चढला. म्हणजे राज्याच्या इंजिनिअरला कुणाला फोन करायची गरज नाही. समोरचा मीटर बघायचा, ४९.२ दिसलं की समजायचं आता उचल महाग आहे. भाव भिंतीवरच्या प्लगमधून घरपोच! फार सुंदर व्यवस्था होती, आणि वारंवारता सुधारली हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

तिची मर्यादा मात्र ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसली. बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि उत्तरेचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही सोबत गेले, साठ कोटींवर लोक अंधारात. वारंवारता सगळीकडे सारखी असते. कुठली वाहिनी तिच्या ताकदीबाहेर वाहतेय हे तिच्यातून कळतच नाही. एकच भाव सगळ्यांना लावला की जागेची अडचण त्यात दिसत नाही. २०१४ मध्ये ती पद्धत जाऊन विचलनाची, म्हणजे वेळापत्रकापासून ढळण्याची, नवी व्यवस्था आली, तिच्यात विचलनाच्या प्रमाणावरही मर्यादा आहेत.

तुमच्या दोन यूपीएसचं तेच. साठ मशिनांचा मिळून सरासरी भार ठीक दिसेल, आणि एका लॅबचा यूपीएस मान टाकेल.

गड्डा_रिटर्न्स · मंगळवार, सकाळी ९.३०

काका, दंडवत. आमच्या पेठेत वीज जाते तेव्हा वारंवारता किती असते तेवढं सांगा.

पन्नास_हर्ट्झ · मंगळवार, सकाळी ९.४५

शून्य. तो ग्रिडचा विषय नाही, तुमच्या गल्लीतल्या फ्यूजचा आहे.

रात्रपाळी_ॲडमिन · मंगळवार, सकाळी ११.००

थोडं रुक्ष बोलतो. दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवायचा म्हणजे तो काय करेल याची हमी आपल्यालाच द्यावी लागते. वेगळा वापरकर्ता, मर्यादित हक्क, रॅमवर कडक मर्यादा, जमलं तर कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला बाकी मशीनपासून अलग ठेवणारा कप्पा. आणि लॅबची ऑनलाइन परीक्षा असेल त्या दिवशी हे सगळं एका बटणानं बंद झालं पाहिजे. त्या बटणासाठी तरी केंद्रात कुणीतरी लागतोच.

हुतात्मा_एक्सप्रेस · मंगळवार, रात्री १०.५०

काकांच्या पोस्टनंतर मला जे म्हणायचं होतं ते सोपं झालं. सर, हे नव्यानं लिहू नका. एचटीकॉन्डोर बघा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटानं १९८८ च्या सुमारास सुरू केलं, नेमकं याच कामासाठी: लोकांच्या टेबलावरची रिकामी वर्कस्टेशनं वापरायची आणि मालक आला की निमूट बाजूला व्हायचं. पूर्वी नुसतं कॉन्डोर, २०१२ पासून पुढे एचटी लागलं. मोफत आहे.

त्यात मला आवडते ती वाटणी अशी. प्रत्येक मशीनवर एक छोटा कारभारी असतो. तो आपल्या मशीनची जाहिरात तयार करतो: रॅम किती, कोअर किती, कीबोर्ड किती वेळ शांत आहे. शिवाय आपल्या अटी लिहितो: 'कीबोर्ड पंधरा मिनिटं शांत असेल तरच काम घेईन', 'सिव्हिलचं काम असेल तर आधी'. कामाचीही अशीच जाहिरात असते, तिच्यातही अटी आणि पसंती. मध्यवर्ती मशीनवरचा मध्यस्थ फक्त दोन्ही जाहिराती जुळवतो आणि दोघांची गाठ घालून देतो. त्यानंतर काम देणारा आणि मशीन परस्पर बोलतात. शेवटचा होकार मशीनचाच. जाहिरात शिळी निघाली, मधल्या वेळात कुणी विद्यार्थी येऊन बसला, तर मशीन नाही म्हणतं आणि काम पुन्हा जुळवणीला जातं. मी परवा सांगितलेलं 'जिंकलो पण जमत नाही' प्रकरण इथे नेहमीची बाब म्हणून हाताळलेलं आहे.

तुमच्या उकाड्याचंही होईल. कारभाऱ्याला दर काही मिनिटांनी तुमची एखादी स्क्रिप्ट चालवायला सांगता येतं आणि तिचं उत्तर जाहिरातीत जातं. प्रोसेसरचं तापमान, यूपीएस बॅटरीवर आहे की विजेवर, यूपीएस क्रमांक एक की दोन. मग 'तापमान अमुकच्या वर असेल तर नवं काम नको' ही अट मशीन स्वतःच पाळतं. पोरांना अक्कल घालायचीच आहे ना, ती इथे घालू द्या. प्रोजेक्टला पुरून उरेल.

लॅबवाला · बुधवार, सकाळी ८.१५

हे पटलं. पण न्यायाचं काय? सिव्हिलच्या कामांना रॅम भरपूर लागते, कोअर एखादाच. एम.टेक.वाल्यांना कोअर हवेत, रॅम नाममात्र. 'दोघांना निम्मं निम्मं' म्हणजे नक्की कशाचं निम्मं? काल स्टाफरूममध्ये यावरच आवाज चढले होते.

विषमभुज · बुधवार, दुपारी १२.४०

यावर बर्कलीच्या घोडसी वगैरे मंडळींचं २०११ सालचं सुरेख उत्तर आहे. ज्याचा जो स्रोत सर्वांत जास्त प्रमाणात खर्च होतो तो त्याचा प्रमुख स्रोत. प्रमुख स्रोतांतले वाटे सारखे करायचे.

त्यांचंच उदाहरण तुमच्या भाषेत. एकूण ९ कोअर, १८ जीबी रॅम. सिव्हिलच्या एका कामाला १ कोअर आणि ४ जीबी. एम.टेक.च्या एका कामाला ३ कोअर आणि १ जीबी. सिव्हिलची तीन कामं आणि एम.टेक.ची दोन चालवा. सिव्हिलनं १८ पैकी १२ जीबी घेतले, म्हणजे दोनतृतीयांश रॅम. एम.टेक.नं ९ पैकी ६ कोअर घेतले, म्हणजे दोनतृतीयांश कोअर. वाटे सारखे. निम्मं-निम्मं केलं असतं तर सिव्हिलला साडेचार कोअर आणि ९ जीबी मिळाले असते. ९ जीबीत त्यांची दोनच कामं बसली असती आणि अडीच कोअर पडून. एम.टेक.ला त्यांच्या साडेचारांत एकच.

याचा आणखी एक गुण असा की खोटी मागणी लिहून फायदा होत नाही. 'मला ८ जीबी लागतात' असं उगाच फुगवून सांगितलं तर आपलाच वाटा लवकर भरतो. पोरं मागणी फुगवतातच. तीही आपलीच पोरं, त्यात वाईट वाटायचं कारण नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस · बुधवार, दुपारी १.३०

कॉन्डोरमध्ये हे जसंच्या तसं नाही, तिथे वापराचा इतिहास धरतात. ज्यानं अलीकडे जास्त वापरलं त्याचा अग्रक्रम घसरतो, आणि ते ओझं मूळ मांडणीत दर दिवसाला निम्मं होत जातं. म्हणजे सोमवारी रात्री सगळी लॅब गिळलेला गुरुवारपर्यंत बराचसा माफ. मोजणीत रॅमला किती वजन द्यायचं ते मात्र बदलता येतं, तिथे सिव्हिल आणि एम.टेक.ला एका टेबलावर बसवा. हा आकडा कुठलाही एजंट काढून देणार नाही.

कांदाबाजार · बुधवार, दुपारी २.१०

म्हणजे भाव आलाच की शेवटी! एक जीबी बरोबर किती कोअर, हा भाव नाही तर काय आहे? फक्त तो लिलावात न निघता स्टाफरूममध्ये निघणार.

विषमभुज · बुधवार, दुपारी २.१८

हे मान्य.

पन्नास_हर्ट्झ · गुरुवार, सकाळी ६.०५

एक विचारतो. तो मध्यस्थ ज्या मशीनवर आहे तेच बंद पडलं तर सगळं थांबणार का? आमच्याकडे भारप्रेषण केंद्राचा दुवा तुटला तरी गव्हर्नर आपलं काम करत राहतात.

हुतात्मा_एक्सप्रेस · गुरुवार, सकाळी ९.२०

काका, इथेही तसंच. मध्यस्थ मेला तर नवी गाठ पडणार नाही, पण जुळलेली कामं चालू राहतात, कारण काम देणारा आणि मशीन यांचं परस्पर ठरलेलं असतं. काम देणारं मशीनच गेलं तरी चालू काम ठरावीक मुदतीपर्यंत वाट बघतं, ते परत आलं तर तिथून पुढे सुरू. मात्र वीजच गेली तर त्या मशीनवरचं काम गेलंच. म्हणून लांब चालणाऱ्या सिम्युलेशननं आपली स्थिती अधूनमधून फायलीत लिहून ठेवली पाहिजे, हे सिव्हिलवाल्यांना आधीच सांगा.

लॅबवाला · गुरुवार, रात्री ९.००

ठरलं ते लिहितो. आधी एकाच लॅबमध्ये एचटीकॉन्डोर बसवणार. पोरांचा गट तापमान आणि यूपीएसच्या स्क्रिप्टा लिहिणार, आणि नवं काम किती झपाट्यानं घ्यायचं याचा काकांच्या गव्हर्नरसारखा उतार ठरवून बघणार: तापमान वाढत जाईल तसे मशीननं एकेक कोअर कमी देऊ करायचे, एकदम दार बंद नाही. दोन मशिनं चिठ्ठीनं निवडण्याचा प्रयोग ते वेगळा करतील, कारण शोधनिबंधाला तोच बरा आहे असं त्यांच्या लक्षात आलंय. रॅम आणि कोअरच्या वजनाची बैठक शनिवारी. विभागप्रमुखांना मध्यस्थाची पेटी दाखवली, त्यांना ती त्यांच्या रांगेसारखी दिसली आणि ते खूष आहेत. मीही काही बोललो नाही.

रात्रपाळी_ॲडमिन · गुरुवार, रात्री ९.२५

मध्यस्थाचं मशीन आणि लॅबचा नेटवर्क स्विच एकाच यूपीएसवर घ्या. बहुतेक ठिकाणी मशिनांना बॅकअप असतो आणि स्विच साध्या प्लगला लावलेला असतो. वीज गेली की साठही मशिनं जिवंत, पण कुणाचं कुणाशी बोलणं नाही.

लॅबवाला · गुरुवार, रात्री ९.३१

उद्या सकाळी आधी स्विचचा प्लग बघतो.